धरणाला औषध टाकता येत नाही

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
कालवा सल्लागार समिती, उजनी प्रकल्प

सप्रेम नमस्कार.

आवर्तन (सिंचनासाठी कालव्यात सोडायच्या पाण्याची पाळी) कधी सोडायचे, किती दिवस चालवायचे, सोलापूरच्या पिण्यासाठी नदीत किती पाणी द्यायचे, आषाढीला चंद्रभागेत किती, हे आपल्या बैठकीत ठरते. उसाचा विचार होतो, शहरांचा होतो, वारीचा होतो. माशांचे आजार मात्र मत्स्यव्यवसाय खात्याचे समजून बाजूला राहतात. आमचे म्हणणे असे की या आजारांची निम्मी किल्ली आपल्याच हातात आहे.

शेततळ्यात मासे आजारी पडले तर औषध टाकता येते. कल्ल्यांवरच्या परजीवींसाठी फॉर्मालिनचे नेहमीचे प्रमाण घनमीटरला २५ मिलिलिटर आहे. एक टीएमसी म्हणजे सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर. हिशेब केला तर एका टीएमसीला सात लाख लिटर फॉर्मालिन लागेल. भीमा नदीवरच्या उजनीचा एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला मृतसाठाच ६३ टीएमसीहून जास्त. शिवाय हेच पाणी माणसे पितात. तेव्हा धरणात औषधाचा प्रश्नच उरत नाही. पाणी कसे हलते, मासे किती दाटीने राहतात आणि बाहेरून कोणते मत्स्यबीज आत येते, एवढ्या तीनच गोष्टींत काही करता येते. पहिली सर्वस्वी आपल्याकडे आहे, दुसरी बऱ्याच अंशी.

धरण आणि माशांचा परजीवी यांचे नाते फार बारकाईने तपासले गेले ते अमेरिकेत, ओरेगन आणि कॅलिफोर्नियातून वाहणाऱ्या क्लॅमथ नदीवर. तिथे विजेसाठी बांधलेली चार धरणे होती: कोप्को क्रमांक १ (१९१८), कोप्को क्रमांक २ (१९२५), जे. सी. बॉइल (१९५८) आणि सर्वांत खालचे आयर्न गेट (१९६२). समुद्रातून अंडी घालायला वर चढणारा सॅल्मन आयर्न गेटच्या पायथ्याशी येऊन थांबे, कारण पुढे वाटच नव्हती.

त्या नदीत सेराटोनोव्हा शास्ता नावाचा एक सूक्ष्म परजीवी आहे. जेलीफिशच्या दूरच्या भावकीतला. तो तिथला मूळ रहिवासी, धरणाने आणलेला नव्हे. त्याला जगायला दोन घरे लागतात. एक सॅल्मनचे आतडे. दुसरे घर म्हणजे मनायुंकिया नावाचा काही मिलिमीटर लांबीचा कृमी, जो तळावर गाळाची नळी बांधून राहतो आणि वाहत्या पाण्यातले कण गाळून खातो. माशातून बाहेर पडलेले बीजाणू कृमी गिळतो. कृमीतून निघालेले वेगळ्या रूपाचे बीजाणू पाण्यात सुटतात आणि कल्ल्यांवाटे माशात शिरतात. ते आतड्यापर्यंत पोचतात, तिथे रक्तस्राव होतो आणि पिल्लू मरते. एक मासा दुसऱ्या माशाला हा रोग थेट देऊ शकत नाही. मध्ये कृमी लागतोच.

आता धरणाने काय केले ते पाहा. पूर अडला, त्यामुळे तळाचे दगड वर्षानुवर्षे जागचे हलले नाहीत. दगडांवर शेवाळाच्या लांब वेण्या वाढल्या, त्यांत बारीक गाळ अडकला आणि कृमीला पक्की वसाहत मिळाली. जलाशयातून सतत येणाऱ्या वनस्पतिप्लवकांचे (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचे) खाणे त्याला दारात मिळू लागले. आणि वर जाऊ न शकलेले सॅल्मन त्याच पट्ट्यात अंडी घालून मरत, त्यांची कलेवरे तिथेच कुजत, म्हणजे बीजाणूंचा पुरवठाही तिथेच. वसंतात पाणी तापू लागले की कृमी बीजाणू सोडत आणि नेमकी त्याच वेळी सॅल्मनची पिल्ले समुद्राकडे निघालेली असत. पाण्यात लिटरमागे दहाच्या आसपास बीजाणू झाले की चिनूक सॅल्मनच्या पिल्लांत मोठी मर दिसते, हे तिथल्या मोजणीतून ठरले आहे. लिटरमागे दहा म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण मासा दिवसभर कल्ल्यांतून पाणी ओढत असतो.

२००२ सालच्या सप्टेंबरात त्याच नदीच्या खालच्या टोकाला वेगळाच प्रकार घडला. प्रवाह कमी, पाणी कोमट, आणि वर चढायला आलेले मोठे सॅल्मन डोहांत खेटून उभे. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग करणारा इक्थिऑफ्थिरियस आणि कल्ले कुजवणारा फ्लॅव्होबॅक्टेरियम कॉलम्नेअर हा जिवाणू यांनी मिळून किमान ३४,००० मासे मारले. ही सरकारी मोजणी आहे. दोन्ही रोगकारक नदीत आधीपासून होते. त्या वर्षी त्यांना गर्दी मिळाली.

युरोक आणि हूपा व्हॅली या आदिवासी जमाती न्यायालयात गेल्या. २०१७ मध्ये न्यायालयाने आदेश दिला की आयर्न गेटखाली सलग ७२ तास किमान ६,०३० क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी सोडून तळाचा वरचा गाळ धुवावा, आणि वर्षाआड २४ तास ११,२५० क्युसेक सोडून दगडगोटे हलवावेत. बीजाणू वाढलेले मोजणीत दिसले तर पाणी पातळ करण्यासाठी ३,००० क्युसेकचा वेगळा विसर्ग. योगायोगाने त्यांचे आणि आपले माप एकच आहे, म्हणून हिशेब सरळ मांडता येतो. ६,०३० क्युसेक तीन दिवस म्हणजे १.५६ टीएमसी. ११,२५० क्युसेक एक दिवस म्हणजे ०.९७ टीएमसी. २०२१ च्या दुष्काळात असा धुण्याचा विसर्ग दिला गेला नाही. त्या वसंतात युरोकांच्या पाहणीत शास्ता आणि स्कॉट या उपनद्यांच्या मधल्या पट्ट्यात पकडलेल्या पिल्लांपैकी ९७ टक्के बाधित निघाली. पुढे २०२३ आणि २०२४ मध्ये चारही धरणे काढून टाकली गेली आणि २०२४ च्या शरद ऋतूत सॅल्मन पुन्हा ओरेगनपर्यंत पोचला.

उजनी पाडा असे आम्ही म्हणत नाही आणि म्हणणारही नाही. क्लॅमथची ती धरणे मुख्यतः विजेची होती, त्यांच्यावर सिंचन उभे नव्हते. भीमेत सॅल्मन नाही आणि मनायुंकियाही नाही. पण यंत्र तेच आहे: न हलणारा तळ, गाळात वाढणारा मधला यजमान, भिंतीखाली किंवा डोहात दाटलेले मासे, आणि या सगळ्यांवर तापमानाची वेळ. आपल्याकडे पात्रे बदलतात इतकेच.

आपल्याकडचा मधला यजमान ओळखायला अवघड नाही. मत्स्यालयातल्या माशांना खाऊ घालायला बाजारात ट्युबिफेक्सच्या वड्या मिळतात, तोच लालसर धाग्यासारखा गाळकृमी. प्राणवायू जवळजवळ नसलेल्या सेंद्रिय गाळातही तो मजेत राहतो, किंबहुना तिथे त्याला प्रतिस्पर्धी उरत नाहीत. ट्राउट माशांना गरगर फिरायला लावणाऱ्या मिक्सोबोलसचे गूढ वर्षानुवर्षे सुटत नव्हते, कारण माशाचे बीजाणू माशाला घालून रोग होतच नव्हता. तो परजीवी ट्युबिफेक्समधून फिरतो हे १९८४ मध्ये सिद्ध झाले. आपल्या कटला-रोहूच्या कल्ल्यांवर पांढऱ्या दाण्यांसारख्या गाठी दिसतात त्या याच मिक्सोबोलस कुळातल्या परजीवींच्या. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी यांतून पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी भीमेत उतरते आणि उजनीच्या फुगवट्यात येऊन बसते. हा गाळ म्हणजे कृमींचे शेतच. धरणाखाली कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या मागे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातल्यापासून काढेपर्यंत जो गाळ साठतो, तेही त्याच शेताचे छोटे तुकडे.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग हिवाळ्याचा. हा परजीवी माशाच्या कातडीखाली वाढतो, पिकला की गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कोष करतो आणि आत शेकडो पिल्ले तयार होतात. त्या पिल्लांना साधारण दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. पाणी २४ ते २६ अंशांवर असताना हे चक्र आठवड्याच्या आत पुरे होते, ३० अंशांच्या वर अडखळते. डिसेंबर ते फेब्रुवारी हे दिवस त्याला मानवतात. वाहत्या पाण्यात ही पिल्ले वाहून जातात आणि उपाशी मरतात. साचलेल्या डोहात दर घनमीटरमागे मासे दुप्पट झाले की प्रत्येक पिल्लाला मासा सापडण्याची संधीही वाढते. म्हणून प्रवाह तुटून डोह उरले की त्या आठवड्यात काय होते ते बघायला हवे.

माशांची ऊ, म्हणजे अर्ग्युलस, हिची गोष्ट पातळीशी जोडलेली आहे. मादी अंडी घालायला मासा सोडते आणि दगड, लाकूड, मत्स्यपालनाच्या पिंजऱ्याचा सांगाडा अशा कठीण पृष्ठभागावर ओळीने अंडी चिकटवते. उन्हाळी पाण्यात ती दोनएक आठवड्यांत फुटतात. पाणी उतरले आणि काठालगतची अंडी उघडी पडली की सुकून मरतात. पातळी आठवडेच्या आठवडे जागची हलली नाही तर उवांची पिढी सुखरूप पार पडते. काठ थोडा उघडा पडू देण्यात फायदा आहे, फक्त त्या वेळी काठालगत माशांची अंडी नसावीत.

पक्षी आणि गोगलगायी यांच्यामार्फत फिरणारे परजीवी इथे फार लांबवत नाही. एवढेच सांगतो की सेनेगल नदीवर १९८६ मध्ये डियामा धरण झाल्यावर समुद्रमुखाकडून वर येणाऱ्या मोठ्या कोळंबीची वाट तुटली. ती गोगलगायी खाई. त्या वाढल्या आणि त्यांच्यामार्फत पसरणारा माणसांचा शिस्टोसोमियासिस रोगही वाढला. धरणाने काय अडवले हे बघताना फक्त मासे मोजून चालत नाही.

आता मागण्यांकडे.

नदीत सोडायच्या पाण्याचा आकार बदला. जादा पाणी मागत नाही. समजा पिण्यासाठी नदीतून ५ टीएमसी सोडायचे ठरले. सरसकट ६,००० क्युसेकने ते साडेनऊ दिवसांत संपते. तेच पाणी पहिले दोन दिवस १०,००० क्युसेकने आणि पुढचे आठ दिवस सुमारे ४,७०० क्युसेकने सोडले तरी एकूण तितकेच होते, पण पहिल्या दोन दिवसांत तळाला धक्का बसतो. त्या वेळची पातळी आणि दारांची क्षमता पाहून नेमका आकडा आपले अभियंते ठरवतील. ज्या वर्षी सांडव्यावरून लाखाच्या घरात विसर्ग जातो त्या वर्षी याची गरज नाही, पावसाळाच ते काम करतो. प्रश्न २०२३ सारख्या वर्षांचा आहे, जेव्हा धरण भरतच नाही आणि खालचे पात्र दोन पावसाळ्यांच्या मधले सगळे दिवस न धुतलेले राहते. सोलापूरच्या समांतर जलवाहिनीमुळे नदीतून सोडायचे पाणी कमी होत जाईल. पाणीबचत म्हणून ते चांगलेच. पण मग जे थोडे सुटेल ते तरी असे सोडावे की त्याचा उपयोग होईल.

किती क्युसेकला तळ हलतो, हे क्लॅमथच्या आकड्यांवरून ठरवू नका. भीमेचा तळ वेगळा आहे, वाळूउपशाने बऱ्याच ठिकाणी खडक उघडा पडलेला आहे. मोजण्याची पद्धत स्वस्त आहे. लिंबाएवढे, संत्र्याएवढे आणि नारळाएवढे असे प्रत्येकी तीस दगड रंगवून पात्रात आडव्या ओळीत ठेवावेत, जागा नोंदवाव्यात, विसर्गानंतर कोणते कुठे गेले ते पाहावे. गाळासाठी लोखंडी सळई तळात ठोकून तिच्यात मोठा वायसर (भोकाची चकती) सोडावा, तो गाळाच्या पृष्ठभागावर बसतो. गाळ धुपला की वायसर खाली घसरतो, आणि किती सेंटिमीटर घसरला ते मोजता येते. पुढचे पाणी सोडताना याच नोंदी हाताशी असतील. कृमी कमी झाले का हे पाहायला १५ बाय १५ सेंटिमीटर चौकटीतला गाळ उचलून अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुवावा, उरलेले कृमी मोजून ४४ ने गुणावे, म्हणजे चौरसमीटरमागे किती ते कळते. तीन जागा, प्रत्येक जागी पाच चौकटी, विसर्गाच्या आठवडाभर आधी आणि दोन आठवड्यांनी.

यात बिघडण्यासारखेही आहे. सर्वांत मोठा धोका पहिल्या तासांचा. साचलेला काळा गाळ एकदम उठला की पाण्यातला प्राणवायू क्षणात खाली येतो आणि रोगाने मेले नसते ते मासे गुदमरून मरतात. म्हणून विसर्ग दर तासाला हजार-दीड हजार क्युसेकने चढवावा, आणि खालच्या पहिल्या दोन बंधाऱ्यांवर प्राणवायूमापक घेऊन माणूस उभा असावा. लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली आकडा गेला की चढ थांबवून तिथेच धरावे. उतरवताना त्याहून सावकाश, पूर्ण दिवस घेऊन, नाहीतर काठाच्या खळग्यांत मासे अडकून पडतात. बंधाऱ्यांचे बरगे एका दिवशी सगळे न काढता वरून खाली, एकेक बंधारा करून काढावेत. पंढरपूरच्या वाळवंटात माणसे असतात, तेव्हा दवंडी आणि भोंगा आधीच. आणि धुण्याचा विसर्ग चढणीच्या दिवसांत, मासे अंडी घालत असताना, देऊ नये.

चढणीचे मासे पहिल्या पाण्याला भिंतीखाली आणि बंधाऱ्यांखाली दाटतात. कातडी खरवडलेले, थकलेले, एकमेकांना खेटलेले. रोग पसरायला याहून सोयीची जागा नाही. जून-जुलैत भिंतीखालच्या पहिल्या किलोमीटरात जाळे नको, आणि मेलेले मासे परत पाण्यात टाकणे तर मुळीच नको. ते पात्राबाहेर मीटरभर खोल खड्ड्यात चुना घालून पुरावेत. क्लॅमथवर कलेवरांनी काय केले ते वर आलेच आहे.

जलाशयात बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्ले) सोडण्याचे वेळापत्रक मत्स्यव्यवसाय खाते ठरवते, पण पाणी कधी किती उरणार हे आपल्याकडे ठरते. दोन्ही कागद एकमेकांना भेटत नाहीत. मार्च ते मे या काळात साठा किती उतरेल याचा अंदाज खात्याला ऑक्टोबरातच द्यावा. पिंजऱ्यांची जागाही सर्वांत कमी पातळी धरून ठरवावी. चार मीटर खोल जाळे मे महिन्यात तळाच्या गाळापासून हाताच्या अंतरावर लोंबत असेल तर ते गाळकृमींच्या तोंडाशी नेऊन ठेवल्यासारखे आहे. पिंजऱ्यांजवळ लाकडी फळ्या टांगून दर सात दिवसांनी वर काढून, घासून, उन्हात वाळवल्या तर उवांची अंडी त्यांच्यावर गोळा होऊन मरतात. औषधाशिवाय चालणारा हा उपाय आहे, फक्त एक आठवडा चुकला की दुसऱ्या आठवड्यात अंडी फुटतात.

बाहेरून येणाऱ्या प्रत्येक खेपेतली तीस बोटुकली तरी सूक्ष्मदर्शकाखाली जावीत. खेपेत दहा टक्के बाधा असेल तर तीस मासे तपासून ती ९५ टक्के खात्रीने सापडते. पाच टक्क्यांची बाधा पकडायची तर साठ लागतात. मासा जिवंत हवा. मेल्यावर बरेच परजीवी सोडून जातात किंवा ओळखू येईनासे होतात, त्यामुळे बाजारातला मासा आणून तपासण्याला अर्थ नाही. कल्ल्याचा छोटा तुकडा आणि छातीच्या पराच्या मागची खरवड, त्याच पाण्याच्या थेंबात, आधी ४० पट आणि मग १०० पट मोठी करून बघावी. घोड्याच्या नालेसारखे केंद्रक दिसले तर पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी, डोक्यावर चार काळे डोळे दिसले तर डॅक्टिलोगायरस हा कल्ल्यांवरचा चपटा कृमी. कल्ल्यातली गाठ फोडून ४०० पटींवर बीजाणू दिसले तर मिक्सोबोलस. मिठाच्या पाण्यात, लिटरला २० ग्रॅम, दोन ते पाच मिनिटे बुडवून काढले की कल्ल्यांवरचे एकपेशीय परजीवी बरेच कमी होतात. ऊ किंवा मांसात रुतलेला लर्निया त्याने जात नाही. अशी खेप परत पाठवावी.

जलाशय आणि खालचे पात्र मिळून तीन जागी, भिगवणच्या बाजूच्या फुगवट्यात, भिंतीखाली आणि पहिल्या बंधाऱ्यात, नोव्हेंबर ते मे दर महिन्याला साठ मासे तपासावेत. उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. जलचरांच्या रोगांवर नजर ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, त्याला नमुने जोडता येतात. आमच्या मते यातली सर्वांत स्वस्त मागणी अशी: आपल्या बैठकीला मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहायक आयुक्तांना बोलवावे, आणि आवर्तनाच्या प्रस्तावात एक ओळ वाढवावी, की या विसर्गाचा चढ किती तासांचा, उतार किती तासांचा आणि खालच्या बंधाऱ्यांचे बरगे कोणत्या क्रमाने निघणार.

भीमा-सीना जोड बोगद्यातून उजनीचे पाणी सीनेतही जाते. जे परजीवी इथे वाढतील ते तिथे जायला वेगळा रस्ता शोधणार नाहीत, म्हणून तपासणीच्या यादीत सीनेकडची एक जागा धरावी.

येत्या ऑक्टोबरच्या बैठकीपूर्वी रंगवलेले दगड पात्रात गेले तर हिवाळ्याच्या पहिल्या विसर्गातच पहिले आकडे हाती येतील.

आपले,
मत्स्यआरोग्य आणि नदीच्या प्रवाहाचा अभ्यास करणारे काही जण